पाहुणे निघाले आहेत

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, शेवटचा शनिवार. सातारा, इंजिनिअरिंग कॉलेजचं सभागृह. हजर: मी, आमच्या कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्युटरांचं सगळं बघणारा युनूस, परिषदेचे संयोजक जंगम सर, आणि खुर्च्या भरतील इतके प्राध्यापक, विद्यार्थी, कंपन्यांतली माणसं. फोनवर हजर: माझ्या धाकट्या भावाची बायको शालन, तासगावच्या पुढे, आमच्या बेदाण्याच्या शेडात. गैरहजर: भाऊ दिलीप, नेहमीप्रमाणे कोइमतूरला, सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात. यायचे बाकी: प्रमुख पाहुणे.

हजेरी घेतल्याशिवाय माझं काहीच सुरू होत नाही. सहलीला निघताना, सत्यनारायणाला, अगदी दवाखान्यातून कुणाला घरी आणतानाही मी आधी माणसं मोजते, मग पिशव्या. त्या शनिवारची हजेरी मात्र मी वर्षभर पुन्हा पुन्हा घेते आहे. कुणाचं चुकलं, हे शोधायला. सापडत नाही. ज्यानं त्यानं आपापलं काम नीटच केलं होतं. भीती वाटते ती त्याचीच.

आता तोच हंगाम पुन्हा आला आहे. सकाळच्या एसटीनं मी सांगलीहून तासगावला कामावर जाते. कवलापूर मागे पडलं की खिडकीतून वास यायला लागतो. आधी पिकल्या द्राक्षांचा, गोड आणि किंचित आंबूस. मग घड बुडवायच्या द्रावणातल्या तेलाचा. आणि या सगळ्यावर गंधकाच्या धुरीचा, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. माझ्या शेजारी रोज एक शिक्षिका बसतात. त्या म्हणतात, "काय छान वास सुटलाय ना?" मी हो म्हणते आणि मान वाकवून आभाळ बघते. 

ज्यांनी शेड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबलचक मांडव, त्यात जाळ्यांचे मजले एकावर एक, आणि प्रत्येक मजल्यावर पसरलेली द्राक्षं. बाजू उघड्या, कारण सुकवायचं काम वाऱ्याचं. बाजूंना प्लास्टिकचे पडदे गुंडाळून बांधलेले असतात. अवकाळी आली की ते खाली सोडायचे. माल भिजला तर गेला. पण पडदे उगाच पाडून ठेवले, तर ओल आत कोंडते आणि हिरवा व्हायचा तो माल काळा पडतो. तोही गेल्यातच जमा. म्हणजे पडदा पाडायचा तो वेळेवर आणि उचलायचा तोही वेळेवर. शालनचं सगळं वर्ष या दोन वेळांवर टांगलेलं असतं. छाटणी, डोळे फुटणं, औषधं, विरळणी, सगळं करून शेवटी द्राक्षं त्या जाळीवर येतात, आणि मग ती माणसाच्या हातात राहत नाहीत.

आमच्या घरात, आणि आमच्या शेजारच्या शेडांमध्येही, हंगाम सुरू असताना त्याचं नाव घेत नाहीत. आभाळातून पडणाऱ्या त्याचं. आमचे आजोबा मेंढरं राखायचे. पूर्वेच्या माळावर मेंढरं बसवली की अंधारात लांडग्याचं नाव घ्यायचं नाही, अशी त्यांची रीत होती. मेंढरं गेली, पाणी आलं, बाग आली. नाव न घेण्याची सवय तेवढी राहिली आणि लांडग्यावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसली. शेडात त्याला पावणं म्हणतात. "आज पावणं येतंय का काय?" असं कुणी विचारलं की चहाचं आधण कुणी ठेवत नाही. सगळे पडद्याच्या दोऱ्यांकडे धावतात. मी सांगलीत राहते. तिथं मी ते नाव खुशाल घेते. शेडात पाऊल टाकलं की मात्र जीभ आपोआप आवरते.

आमच्या मशीनचा जन्म याच भीतीतून झाला. मी तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. बेदाणा आमच्याकडे ठेवायला येतो, त्याच्या नोंदी मी बघते. युनूसनं सुचवलं, की शेडाशेडांत छोटे डबे लावू. डबा हवेतली ओल आणि उष्णता मोजेल. वारा ज्या बाजूनं येतो तिकडच्या डब्यांना ओल आधी कळेल, आणि पुढच्या सगळ्या शेडांना फोनवर निरोप जाईल. डबे लागले; मशीनशी जोड तुटली की डब्यावरचा हिरवा दिवा तांबडा व्हायचा. निरोपात काय लिहायचं, हे शालनच्या अंगणात ठरलं. युनूसनं सरळ लिहिलं होतं ते वाचताच शेजारच्या शेडाचे आण्णा उठून उभे राहिले. "ह्ये नाव फोनवर बी नगं. फोन शेडातच आसतूय." मग निरोप ठरला: पाहुणे निघाले आहेत. युनूस हसला, मीही हसले. पण तो निरोप वाचायला क्षण पुरायचा आणि कुणाला समजावून सांगावा लागायचा नाही.

अडचण एवढीच होती, की हे सगळं चालवणारा कॉम्प्युटर आमच्या ऑफिसात होता आणि तासगावची लाइट आभाळ भरून आलं की आधी जायची. म्हणजे नेमकं जेव्हा मशीन हवं, तेव्हाच ते बंद. म्हणून आम्ही ते उचललं. व्हर्च्युअल मशीन करून एक पुण्याला क्लाउडवर ठेवलं आणि त्याचा जोडीदार आमच्या सांगलीच्या ऑफिसात. हे मी शालनला दिवाळीत समजावत होते, कानोले तळता तळता.

"एका दणकट मशीनच्या पोटात दुसरी मशीनं चालतात," मी म्हटलं. "ती हाताला लागत नाहीत, पण काम करतात. एक पोट बिघडलं की ती दुसऱ्या पोटात जाऊन तिथून काम करतात."

"म्हंजे अंगात येतं तसं," शालन म्हणाली. "हिकडची बाई दमली की तिकडचीच्या अंगात."

"तसंच समज."

"आणि क्लाउड म्हंजे वं वन्सं?"

"ढग."

तिनं झारा कढईवर आपटला. "आवं, ज्येच्या नावानं वरीसभर बोटं मोडतो, त्येच्यातच न्हिऊन ठिवलं व्हय सगळं?"

साताऱ्याच्या परिषदेत मी बोलायची सुरुवात शालनच्या याच बोलण्यानं करायची ठरवली होती. परिषदेचं नाव लांबलचक होतं, आभासीकरण आणि क्लाउड तंत्रज्ञान वगैरे, पण काम सरळ होतं: ज्यानं जे केलं ते मांडायचं, इतरांनी विचारायचं, आपलं दुसऱ्याला द्यायचं. बाहेरच्या पडवीत टेबलं लावली होती. एका पोरींच्या गटानं वसतिगृहातले जुने कॉम्प्युटर एकत्र बांधून अभ्यासाची खोली उभी केली होती. कोरेगावच्या एका शाळेनं प्रयोगशाळाच पडद्यावर आणली होती. बुडबुडेसुद्धा दिसत होते. मी प्रत्येक टेबलापाशी थांबले, माहितीपत्रकं घेतली, आकारानुसार लावून पिशवीत ठेवली.  माझं शिक्षण बी.कॉम. इथं बोलणारी बाकीची माणसं डॉक्टर, मेडिकलचे नव्हेत, पण डॉक्टर. आपलं नाव पुकारल्यावर आपण उठून उलट्या दिशेनं दाराबाहेर जाऊ, असं मला खात्रीनं वाटत होतं.

"मॅडम, काही होत नाही," युनूस म्हणाला. तो माझ्याहून थोडा लहान, दोन मुलींचा बाप, आणि मशीन बंद पडलं तरच ज्याचा चेहरा फुलतो असा माणूस. "हे आपण कितीदा केलंय. पुण्याचं बंद करायचं, सांगलीचं उठतं. लोकांना उठताना दाखवायचं. बास."

"आणि नाही उठलं तर?"

"उठतं हो."

माझी अट एकच होती: तासगावला आभाळ असेल तर काहीही बंद करायचं नाही. सकाळी शालनला फोन केला. ती म्हणाली, "लख्ख हाय. कालचाच माल टाकलाय, वारं बी झ्याक हाय. करा तुमचं काय आसंल त्ये." कालचाच माल म्हणजे ताजी बुडवलेली द्राक्षं, पाण्यानं भरलेली. पडदे पाडून ठेवण्याची सगळ्यात वाईट वेळ. त्या क्षणी माझ्या लक्षात राहिलं ते फक्त लख्ख.

त्या दिवशी सभागृहात एकच प्रश्न फिरत होता. प्रमुख पाहुणे पुण्याहून यायचे होते आणि खंबाटकीच्या घाटात गाड्या अडकल्या होत्या. जंगम सर दारात उभे, फोन कानाला. कुणी ना कुणी येऊन विचारायचं, "पाहुणे निघाले का?" सर हात हलवायचे. उद्घाटन पुढे ढकललं आणि आम्हाला आधी बोलवलं.

मी अंगात येण्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. त्या हसण्यानं जिवात जीव यायला हवा होता, आला नाही. मग युनूसनं पुण्याचं मशीन बंद केलं. पडद्यावरची सगळी शेडं करडी झाली. आम्ही वाट बघायला लागलो. गोल चाक फिरत राहिलं. युनूसनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मला फुललेला दिसला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलं आहे. नंतर कळलं, सांगलीचं मशीन वेळेवर उठलं होतं. सभागृहाचं नेट गेलं होतं, म्हणून आम्हाला ते दिसत नव्हतं. पण त्या वेळी आम्ही दोघं एका काळोख्या पडद्यासमोर उभे होतो.

माझा फोन थरथरला. शालन. मी विंगेत सरकले.

"वन्सं, डब्याचा दिवा तांबडा झालाय. काय वं ह्ये?"

"थांब, बघते, जरा थांब."

आणि तेवढ्यात माझ्यामागच्या दारातून जंगम सर आत आले, दोन्ही हात वर करून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात: "पाहुणे निघाले! पाहुणे निघाले! पोचतीलच आता!"

टाळ्या वाजल्या. फोन बंद झाला होता. दिवा हिरवा झाला असेल, म्हणून तिनं ठेवला असेल, असं मला वाटलं. मी परत व्यासपीठावर आले.

नेट आलं. पडद्यावरची शेडं एकेक करून जिवंत झाली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि युनूसनं नमुना म्हणून एक शेड मोठं करून दाखवलं. तो नेहमी शालनचंच शेड उघडतो, त्याला ते पाठ आहे. ओलीची रेघ सरळ चालली होती. मग ती उचलली. बघता बघता चढायला लागली.

"बघा," युनूस माइकवर म्हणाला, "मशीन कसं ताबडतोब पकडतंय."

त्या सभागृहात ती रेघ वाचू शकणारी मी एकटीच होते असं मी म्हणणार नाही. युनूसलाही ती वाचता येत होती, पण तो आनंदात होता. माझ्यासाठी ती रेघ नव्हती. शालन एकटी आहे, माल ताजा आहे, आणि तिथं काहीतरी येऊन पोचलं आहे. आजूबाजूच्या शेडांच्या रेघा सरळ. फक्त हिच्याच शेडावर? एकाच शेडावर कसा पडेल?  समोरून एका गृहस्थांनी विचारलं, की एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना मधली माहिती हरवते का. मी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. युनूस सांगतो, बरोबर दिलं. मी बोलत होते आणि माझ्या पाठीमागे, माणसाच्या उंचीहून मोठी, ती रेघ चढत होती, आणि लोक कौतुकानं तिच्याकडे बघत होते.

उतरले ती थेट बाहेर. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कॉलेजच्या आवारातून अजिंक्यताऱ्यावरचं आभाळ दिसत होतं, धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. सातारचं आभाळ बघून तासगावचं काय कळणार? तरी मी पूर्वेकडे टाचा उंचावून बघितलं, जसं काही मधले सगळे डोंगर बाजूला सरकणार होते. पाहुण्यांची गाडी माझ्या शेजारून आत गेली. कुणीतरी पुष्पगुच्छ घेऊन धावलं.

अखेर शालननं उचलला. धापा टाकत होती. "पाडलं सगळं! दोन्ही बाजू पाडल्या. शेजारच्या बाया बी बोलावल्या. आजून काय दिसंना, पर येतंय म्हंजे येतंयच की."

"कोण येतंय?"

"आवं, तुमीच म्हणाला न्हवं, पावणं निघालं म्हणून? वराडून वराडून सांगितलंसा की. आवाज बी पुरुषावानी लागला तुमचा, म्हटलं लय घाबरल्यात वन्सं."

मी कॉलेजच्या पायरीवर बसले; ती चढती रेघ पडद्यांआड कोंडलेल्या ओलीची होती. शालनला सांगितलं. ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला असावा. "उचल गं पडदे," मी ओरडत होते, "आधी पडदे उचल!"

खालच्या जाळ्यांवरचा थोडा माल काळपट पडला. बाकीचा वाचला. आम्ही सुटलो, असं सगळे म्हणाले. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. सुटल्यावर जी भीती वाटते तिचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तिच्यासाठी काही काम काढता येत नाही.

गोष्ट त्या पट्ट्यात पसरली. तासगावच्या बाजारात, सौद्यात, लग्नात. "शालनबाई, पावणं जेवून गेलं का?" "सातारचं पावणं फेटा बांधूनच आलं म्हणं!" आण्णा सगळ्यात पुढे. ते रोज सकाळी कुंपणावरून ओरडायचे, "शालन, हार-तुरं आणलंस का गं, पावणं निघालंय!" शालनही उलट ओरडायची, "आण्णा, तुमच्याकडंच मुक्कामाला लावून दिलंय." मीही हसायचे. ऑफिसात युनूसनं हा किस्सा इतक्यांदा सांगितला की त्याला तो स्वतः फोनवर असल्यासारखा पाठ झाला.

हसता हसता आम्ही काय करत होतो ते मार्चच्या मध्यावर कळलं.

दुपारची वेळ होती. मी माझ्या टेबलावर होते. पश्चिमेकडच्या डब्यांच्या रेघा उचलल्या, आणि मशीननं निरोप सोडला. वेळेआधी सोडला. इतक्या आधी, की सगळे पडदे पाडून वर चहा करायला सवड मिळाली असती. लाइट गेली, पुण्याला काही फरक पडला नाही. सगळं ठरल्याप्रमाणे. मी उभी राहिले होते, का कोण जाणे. बराच वेळ गेला, आणि मग फोन वाजला.

"वन्सं," शालन म्हणाली. मागे बाया हसत होत्या. "ह्ये कुठलं पावणं? खरं, का तुमच्या सातारचं?"

"खरं! शालन, खरं! पाड!"

"न्हाई, आण्णा म्हणत्यात, की..."

मग आवाज आला. फोनमधून प्लास्टिकवर पहिले थेंब पडतानाचा आवाज कसा येतो, हे मला माहीत आहे. मूठभर फुटाणे कढईत टाकल्यासारखा. मागचं हसणं मध्येच तुटलं. कुणीतरी म्हणालं, "आगं बया." आणि मग धावणारी पावलं, दोरीच्या गाठी सुटत नाहीत म्हणून शिव्या, आण्णांचा लांबून येणारा आवाज: "धरा गं! धरा!" फोन कुठंतरी जाळीवर ठेवलेला राहिला असणार. मी तो कानाला लावून उभी होते. माझ्या खिडकीबाहेर अजून कोरडं ऊन होतं. मी ऐकत राहिले, कारण ठेवून देणं जमेना.

दुसऱ्या दिवशी शेडात गेले. वाऱ्याच्या बाजूची सगळी ओळ भिजली होती. शालन जाळी झाडत होती. चिकट, काळी, फुगलेली द्राक्षं खाली कापडावर पडत होती. आण्णांचं याहून जास्त गेलं होतं. ते बांधावर बसले होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. शालननं मला दोष दिला नाही. कुणीच कुणाला दिला नाही. ती एवढंच म्हणाली, "इचारत बसलो आमी. इचारायचं कशाला हुतं?"

दिलीपचा कोइमतूरहून फोन आला. दुकानातल्या भट्टीचा आवाज मागे येत होता. "अक्का, मशीन चाललं न्हवं?"

"चाललं."

"निरोप गेला?"

"वेळेआधी गेला."

"मग?"

मी त्याला निरोप सुटल्याची वेळ पुन्हा वाचून दाखवली.  वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या भावाशी आमचं सगळं नातं असंच तारेवर चालतं.

परिषदेत एक शब्द सारखा येत होता: पर्याय. मशीन बंद पडलं तर दुसरं मशीन. लाइट गेली तर बॅटरी. एक लाइन तुटली तर दुसरी लाइन. आम्ही हे सगळं चोख केलं होतं. मी स्वतः एकेक तपासून घेतलं होतं. पण ज्या एका शब्दावर माणसं उठून धावणार होती, त्याला दुसरा शब्द नव्हता. तो चेष्टेत गेला आणि त्याच्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. मशीन नीट चालत राहिलं, नसलेल्या शब्दाचा निरोप वेळेआधी पोचवत. रात्री मला दचकून जाग येते ती मशीन बंद पडलं म्हणून नव्हे. ते चालू असतं, निरोप जात असतो आणि सगळे हसत असतात.

या वर्षी द्राक्षं जाळीवर यायच्या आधी शालनच्या अंगणात पुन्हा बैठक झाली. हजर: शालन, आण्णा, युनूस, मी, शेजारच्या शेडांच्या बाया. विषय: नवा शब्द.

"जावई," एकजण म्हणाली.

"माझा जावई खराच येतूय गं रविवारी," दुसरी म्हणाली. "त्येला बघून पडदं पाडशिला तर पोरगी नांदायची न्हाई."

"साहेब."

"साहेब निघालं म्हटल्यावर लोकं घराला कुलूप लावून रानात जात्यात. शेडात कोण थांबतंय?"

"सासू!" शालन म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, आणि हसू आलं म्हणूनच तो शब्द बाद झाला. हे आता सगळ्यांना कळत होतं. ज्याला हसू येतं तो चालणार नाही. एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "लांडगा." कुणी हसलं नाही. पण आण्णांनी मान हलवली. "त्येचं बी नाव घेत न्हाईत."

 मग युनूस म्हणाला, "आण्णा, राग मानू नका. जे आहे तेच लिहू या ना. सरळ."

 आण्णांनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे, एखाद्या पोराला खोल पाण्याच्या कडेला बघावं तसं. "गेल्या साली नुसती चेष्टा केली, तर एवढं झालं," ते म्हणाले. "आता नावच घ्यायचं?"

मी या गोष्टी मानत नाही. मी व्यवहारी बाई आहे. त्या वेळी युनूसच्या बाजूनं एक वाक्य बोलायचं होतं, आणि माझं तोंड उघडलं नाही.

बैठक उठली. शब्द ठरला नाही. जंगम सरांचा निरोप आला आहे, या वर्षीही या, गेल्या वेळचं पुढं काय झालं ते सांगा, लोकांना शिकायला मिळेल. मी येते म्हणून कळवलं आहे. काय सांगणार ते ठाऊक नाही.

युनूसनं जुना शब्द काढून टाकला आहे. तो कुणाच्या फोनवर पुन्हा उमटू नये, असं सगळ्यांचं मत पडलं. त्याची जागा तूर्त रिकामी ठेवली आहे. आज सकाळी त्यानं मशीनची चाचणी घेतली. चाचणीचा निरोप नेहमीप्रमाणे फक्त माझ्या आणि शालनच्या फोनवर आला. मी एसटीत होते. शिक्षिका वासाबद्दल काहीतरी म्हणत होत्या. स्क्रीनवर दोनच शब्द होते: निघाले आहेत.

लगेच फोन वाजला.

"आवं वन्सं, निघालंय कोण?"

तिचा आवाज मी ओळखला नाही. "कुणी नाही गं," मी म्हटलं. "चाचणी आहे. आभाळ कसंय तिथं?"

"आभाळ न्हाई बघितलं. आदी पडदं पाडलं, मग तुमाला फोन लावला."

ताजा माल, वर चढलेलं ऊन, आणि बंद पडदे. "उचल ते," मी म्हटलं. "उचल आधी. आज येत नाही."

"कोण येत न्हाई?"

एसटी थांबली होती. माणसं उतरत होती. मी तोंड उघडलं, आणि जीभ आवरली. शेडापासून इतक्या लांब, पहिल्यांदाच. तिकडे शालन दोरी हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

रिकाम्या जागेत शब्द भरायचा आहे. अजून भरलेला नाही.